आडम मास्तर: सोलापूरच्या लाल बावट्याच्या आमदाराबद्दल पुण्यात विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं, हडपसर-फुरसुंगीला स्थायिक झालेले सोलापूरकर आणि कामगार चळवळीशी कधी संबंध न आलेले पुणेकर नरसय्या आडम यांच्याबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबणारच.

आडम मास्तर म्हणजे नक्की कोण?

नरसय्या नारायण आडम. सोलापूरच्या तेलुगुभाषक पद्मशाली कामगारवस्तीतून आलेले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, म्हणजे माकपचे नेते. सोलापूर शहर दक्षिण मतदारसंघातून ते १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा विधानसभेवर निवडून गेले. पक्षाचे ते काही वर्षं राज्य सचिव होते, केंद्रीय समितीवरही होते. पण सोलापुरात त्यांची ओळख पक्षाच्या पदांवरून कुणी सांगत नाही. विडी कामगार बायकांची लाल बावटा युनियन आणि शहराबाहेर कुंभारीला उभी राहिलेली हजारो घरं, या दोन गोष्टींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. सोलापुरात ‘साहेब’ म्हणवून घेणारे आमदार पुष्कळ झाले, ‘मास्तर’ म्हटलं की मात्र हेच.

सोलापूरच्या आमदाराशी पुण्याचा काय संबंध?

आहे, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि मग मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली गेली ती आपल्या येरवड्याच्या तुरुंगात. पुणे-सोलापूर हुतात्मा एक्सप्रेसच्या नावातले हुतात्मे ते हेच. गाडीत चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, ते सोडा.

दुसरा धागा गोदुताई परुळेकरांचा. त्यांच्या नावाची वसाहत सोलापूरजवळ आहे आणि त्या स्वतः पुण्याच्या. त्यांच्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे. तिसरा धागा अगदी घराशेजारचा: भवानी पेठ, नाना पेठेत पद्मशाली समाजाची जुनी वस्ती आहे आणि विड्या वळून घर चालवलेल्या आज्या तिथे अजूनही भेटतात.

सोलापूरमध्येच लाल बावटा एवढा कसा रुजला?

गिरण्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि आजूबाजूच्या दुष्काळी मुलखातून माणसं कामाला आली. मराठवाड्यातून आली, कर्नाटकातून आली, तेलंगणातून विणकर पद्मशाली आले. म्हणून शहर मराठी, तेलुगु, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चार भाषांत बोलतं. एका पाळीत एका साच्यावर चार भाषांची माणसं असतील तर त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट जात किंवा भाषा असू शकत नाही. ती मजुरी असते. युनियनला इथे जागा होती ती यामुळे.

पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरणीतला माणूस यंत्रमागावर गेला. सोलापुरी चादर आणि टॉवेल हे त्या यंत्रमागांवरचेच. घरातली बाई मात्र आधीपासून विडी वळत होती ती वळतच राहिली, आणि नवऱ्याची गिरणी बंद झाल्यावर कित्येक घरं तिच्याच विडीवर तगली. सोलापूरच्या डाव्या राजकारणाचं वजन हळूहळू गिरणीच्या दारावरून या बायकांच्या उंबऱ्यावर सरकलं. आडमांच्या राजकारणाचं मूळ इथे आहे. त्यांची भाषणं ऐकून त्यांना समजून घेता येत नाही, ही बाई दिवसभर काय करते ते आधी पाहावं लागतं.

मग ही विडी कामगार बाई दिवसभर काय करते?

कंपनीच्या शाखेतून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणते. रात्री पानं भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवते, म्हणजे सकाळी ती मऊ पडतात. मग पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचं. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला कापलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, टोक नखाने किंवा लहानशा काडीने आत दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. सराईत बाईची नजर यात कुठेच नसते. ती शेजारणीशी बोलत असते, एक डोळा चुलीकडे असतो, बोटं आपली चालू.

मजुरी हजारावर मिळते. दुसऱ्या दिवशी विड्या शाखेत नेल्या की तपासनीस त्या बघतो आणि न पटलेल्या बाजूला काढतो. ही छाट. छाट गेली की हजाराची मजुरी हजाराची राहत नाही. पानं खराब निघाली, कमी भरली, तरी विड्या पुऱ्या द्यायच्या असतात, मग बाई पदरचे पैसे घालून पानं विकत आणते. कायद्याने ही कामगार आहे: १९६६ला विडी व सिगार कामगार कायदा झाला, १९७६ला कल्याण निधीचा कायदा झाला. पण कायद्याचा फायदा मिळायचा तर आधी कंपनीच्या वहीत नाव लागलं पाहिजे, ओळखपत्र मिळालं पाहिजे, भविष्य निर्वाह निधी कापला गेला पाहिजे. घरात बसून काम करणाऱ्या बाईला ‘ही आमची कामगारच नाही’ म्हणणं मालकाला फार सोपं असतं. युनियनचं निम्मं आयुष्य याच एका वाक्याशी भांडण्यात जातं.

यातलं फार थोडं सभागृहात बोलण्यासारखं असतं. एका शाखेतली छाट कमी करून घेणं ही बातमी होत नाही. पण त्या बाईसाठी तोच पगारवाढीचा करार असतो.

आडम तीनदा आमदार झाले म्हणजे पंधरा वर्षं विधानसभेत होते?

नाही, आणि ही गफलत बरेच जण करतात. १९७८ची विधानसभा दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. वसंतदादांचं सरकार जुलै १९७८मध्ये पडलं, शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं, आणि फेब्रुवारी १९८०मध्ये ते बरखास्त झालं. १९९५चीही मुदतीआधी संपली, कारण १९९९ला निवडणुका लवकर झाल्या. २००४ ते २००९ एवढी एकच मुदत पूर्ण मिळाली. सगळं मिळून अकरा वर्षांच्या आसपास.

उरलेला काळ, म्हणजे १९८० ते १९९५ आणि पुन्हा २००९नंतरचा सगळा, ते आमदार नव्हते. २००८च्या मतदारसंघांच्या फेररचनेत शहर दक्षिण हा मतदारसंघच गेला आणि शहर मध्य आला. तिथे २००९ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. आडम त्यानंतरही लढत राहिले, अगदी २०२४लाही उभे होते. त्या वेळी ती जागा भाजपच्या देवेंद्र कोठे यांनी जिंकली.

हे वर्षांचं गणित एवढ्यासाठी सांगायचं की त्यांची मोठी कामं आणि आमदारकीची वर्षं एकमेकांवर नीट बसत नाहीत. रे नगरचा घरांचा प्रकल्प (त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे) तर आमदारकी जाऊन बरीच वर्षं लोटल्यावरचा आहे.

माकपचे महाराष्ट्रात आमदार होते तरी किती?

१९७८ला ९ निवडून आले होते, तो त्यांचा उच्चांक. १९९५ला ३, २००४लाही ३. २००९पासून २०२४पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत एक. २८८च्या सभागृहात.

तीन आमदारांच्या पक्षाला सभागृहात विचारतं कोण?

फारसं कुणी नाही. बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. अर्थसंकल्पावर मोठ्या पक्षाचा नेता तासभर बोलतो, तेव्हा या मंडळींच्या वाट्याला मिनिटं येतात, तीही रात्री उशिरा, बाकं रिकामी झाल्यावर.

पण छोट्या पक्षाच्या आमदाराच्या हातात काही हत्यारं असतातच. तारांकित प्रश्न आहे: मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते छापून कायमचं राहतं. लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, कपात सूचना आहे. यातलं पुष्कळसं सोडतीवर अवलंबून असतं, म्हणून चिकाटीचा आमदार एकच विषय प्रत्येक अधिवेशनात पुन्हा पुन्हा टाकत राहतो. नागपूरला नाही लागला तर मुंबईला लागेल.

आणि एक गोष्ट नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. आमदार असला की मंत्रालयात मुख्यमंत्र्यांच्या सहाव्या मजल्यापर्यंत फाईलच्या मागे चालत जाता येतं. सचिव भेटतो, जिल्हाधिकारी फोन घेतो. बाहेर वीस हजार बायकांचा मोर्चा उभा करता येत असेल आणि आत जाऊन फाईल कुठल्या टेबलावर अडली ते विचारता येत असेल, तर तीन आमदारांचा पक्षही काम काढून घेतो. नुसता मोर्चा असला की निवेदन स्वीकारून लोकांना घरी पाठवतात. नुसती आमदारकी असली की रात्री उशिरा दहा मिनिटं मिळतात.

गोदुताई परुळेकर वसाहत म्हणजे काय?

विडी कामगार बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारी इथे बांधलेली १०,००० घरांची वसाहत. अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली.

ही योजना सरकारने आखून लोकांपर्यंत नेलेली नाही, लोकांनी सरकारच्या गळ्यात घातलेली आहे. विडी कामगार कल्याण निधीत घरबांधणीसाठी तरतूद होती, पण ती सुट्या सुट्या कामगाराने अर्ज करायच्या पद्धतीची. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, स्वतःची गुंठाभरही जमीन नसलेल्या बाईने घरबांधणीचं अनुदान घेऊन बांधायचं कुठे? युनियनने हा पेच उलटा सोडवला. हजारो बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था करायची, सगळ्यांनी मिळून जमीन घ्यायची, आणि खर्चाचे तीन वाटे पाडायचे: एक केंद्राचा, एक राज्याचा, एक कामगाराचा. मग ही मागणी घेऊन वर्षानुवर्षं मुंबई-दिल्लीच्या फेऱ्या, मोर्चे, उपोषणं, आणि सरकारं बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

यात राजकीय योग जुळून आला हेही खरं. २००४ला केंद्रात आलेलं सरकार डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभं होतं आणि इकडे आडम आमदार होते. पंतप्रधान सोलापूरच्या विडी कामगारांना किल्ल्या द्यायला आले, त्यात या पाठिंब्याचा वाटा नव्हता असं कुणी म्हणू नये. पण संस्था, सभासद आणि जमीन तयार नसती तर तो योग येऊन तसाच निघून गेला असता.

गोदुताई परुळेकर कोण होत्या? त्या सोलापूरच्या होत्या का?

नाही हो, त्या पुण्याच्या. जन्म १४ ऑगस्ट १९०७, माहेरचं नाव गोदावरी गोखले. शिक्षण फर्ग्युसनमध्ये, पुढे कायद्याची पदवी घेतली. नामदार गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. वकील घरातली, समाजकार्याची आवड असलेली, सुशिक्षित मुलगी, इथपर्यंत त्यांची गोष्ट डेक्कनवरच्या कुठल्याही सभ्य घरात शोभेल अशी आहे.

पुढची शोभत नाही. पती शामराव परुळेकरांबरोबर त्या किसान सभेत गेल्या आणि १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये. तिथे वेठबिगारी होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला जोडप्यासकट आयुष्यभर त्याच्याकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. ती मोडायची हाक दिली गेली आणि ती खरोखर मोडली. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मारली गेली, चळवळ थांबली नाही. ऑक्टोबर १९९६मध्ये गोदुताई वारल्या. शामराव १९३७लाच डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून गेले होते, पुढे खासदारही झाले. गोदुताईंनी मात्र सभागृहाची वाट धरली नाही.

आता गंमत बघा. पुण्यात त्यांचं नाव विचारलं तर दहातले आठ जण ‘कोण?’ म्हणतील. सोलापुरात रिक्षावाल्याला ‘गोदुताई’ एवढंच सांगितलं की तो भाडं सांगतो.

एवढी घरं मिळवून दिली, तरी २००९ला आडम हरले कसे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या मनात ‘लोक कृतघ्न असतात’ हे उत्तर आधीच तयार असतं. ते उत्तर मला पटत नाही.

नकाशा बघा. शहर मध्य हा मतदारसंघ महापालिकेच्या हद्दीतला. कुंभारी हद्दीबाहेरचं, दुसऱ्या मतदारसंघातलं गाव. शहरातल्या झोपडपट्ट्यांमधून आणि भाड्याच्या खोल्यांमधून जी कुटुंबं कुंभारीला गेली, ती बहुतांशी आडमांच्याच युनियनची. काहींनी मतदार यादीतलं नाव जुन्या पत्त्यावर ठेवलं असेल, पण दहा किलोमीटरवरून मतदानाला येणं आणि गल्लीतून मतदानाला जाणं यात फरक पडतोच. दहा हजार कुटुंबं म्हणजे विधानसभेच्या निवडणुकीत निकाल फिरवणारा आकडा. आमदाराने स्वतःच्या हाताने आपले मतदार मतदारसंघाबाहेर नेऊन वसवले, असं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं चटकन आठवत नाही. नेहमीचा आमदार याच्या उलट करतो: झोपडपट्टी आहे तिथेच ठेवतो, नळ देतो, फरशी घालतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा येतो.

दुसरं कारण फेररचना. जुने वॉर्ड तुटले, नवे जोडले गेले. तिसरं, कामगार म्हणून लाल बावट्याबरोबर असलेली बाई मतदार म्हणून जात, धर्म, घरातल्या पुरुषाचा पक्ष यांच्याही बरोबर असते. मोर्चाला येणारी माणसं मतपेटीत तशीच्या तशी उतरत नाहीत, हे डाव्यांचं सगळीकडचं दुखणं आहे. सोलापूरला काँग्रेसकडे प्रणितींचे वडील सुशीलकुमार शिंद्यांचं वजन होतं. पुढे शहरातली मतं भाजप आणि एमआयएम यांच्याकडे विभागली गेली, आणि आडमांना मधे जागा उरली नाही.

पंतप्रधान मोदींनी उद्घाटन केलं ती घरं कोणती? तीच का?

नाही, ती दुसरी. रे नगर. कुंभारीलाच, पण ३०,००० घरांचा वेगळा प्रकल्प, प्रधानमंत्री आवास योजनेतला. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाई कामगार, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर असे असंघटित कामगार यात आहेत. योजनेच्या नियमाप्रमाणे घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, बाकीचा बोजा लाभार्थ्यावर, म्हणजे मुख्यतः बँकेच्या कर्जावर.

९ जानेवारी २०१९ला मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ला पहिली १५,००० घरं दिली. त्या दिवशी भाषणात, लहानपणी आपल्याला अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला होता, ते दृश्य टीव्हीवर बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मंचावर माकपचा नेता आणि भाजपचा पंतप्रधान शेजारी शेजारी होते, हे मात्र कमी जणांच्या लक्षात आलं.

आडमांना पक्षाने काढून टाकलं होतं ना?

काढलं नव्हतं. २०१९च्या त्या पायाभरणीच्या कार्यक्रमात आडमांनी मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांचं जाहीर कौतुक केलं. लोकसभा तोंडावर आली होती. पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. मुदत संपली, ते पक्षातच राहिले.

याकडे दोन बाजूंनी बघता येतं. पक्षाचं म्हणणं समजण्यासारखं आहे: ज्या सरकारविरुद्ध देशभर रस्त्यावर आहात, त्याच्या प्रमुखाची स्तुती राज्य सचिवाने निवडणुकीच्या आधी मंचावरून करायची? पण तीस हजार कुटुंबांची फाईल ज्याच्या सहीवर अडली आहे, त्याच्यासमोर उभा असलेला युनियनवाला काय बोलेल, हेही समजण्यासारखं आहे. मालकाशी करार झाला की युनियनचा पुढारी मालकाला हार घालतोच, तो कामगार चळवळीतला जुना रिवाज आहे. आडम तिथे पक्षाचे नेते म्हणून बोलले नाहीत, करार करून आलेल्या युनियनवाल्यासारखे बोलले. पक्षाने शिक्षा केली ती पक्षाच्या नेत्याला. मला दोघांचंही बरोबर वाटतं, आणि हे उत्तर ऐकून विचारणारा नेहमी वैतागतो.

कम्युनिस्टांनी मजुरीसाठी लढायचं की घरं बांधायची?

हा प्रश्न डाव्या मंडळींकडूनच येतो आणि तो रास्त आहे. युनियनची ताकद गृहनिर्माण संस्थेच्या कारभारात गेली की कार्यकर्ता हप्ते, पावत्या आणि लाभार्थी यादीत अडकतो. सभासद युनियनकडे घर मिळवून देणारी संस्था म्हणून बघू लागतात आणि घर मिळालं की सभेला येणं थांबतं. शिवाय कुंभारी शहरापासून लांब. सोलापूर शहरालाच रोज पाणी येत नाही, तिथे या वसाहतींचं पाणी, बस, शाळा, दवाखाना हा रोजचा झगडा.

तरीही विडी कामगार बाईच्या बाबतीत घर आणि कामाची जागा एकच असते हे विसरू नये. तिचा कारखाना म्हणजे तिची खोली. दहा बाय दहाच्या गळक्या खोलीत पानं सुकली तर मजुरी बुडते, भिजली तर बुरशी येते, तंबाखूच्या धुळीत पोरं झोपतात. तिच्यासाठी घर मागणं ही कामाच्या ठिकाणच्या सोयींची मागणी आहे, आणि घर बहुतेक वेळा तिच्या नावावर होतं. मजुरीच्या किती लढ्यांनी बायकांच्या नावावर मालमत्ता केली?

विडीच घातक आहे, मग या धंद्याला आधार का द्यायचा?

धंद्याला आधार आणि धंद्यात अडकलेल्या माणसाला आधार, या दोन गोष्टी आहेत. २०१६ला पाकिटावर ८५ टक्के भागात चित्रमय इशारा छापायची सक्ती आली, तेव्हा विडी कारखानदारांनी काम बंद ठेवलं. चुली विझल्या त्या वळणाऱ्या बायकांच्या. पर्यायी काम द्या आणि मग विडी बंद करा, ही युनियनची जुनी मागणी आहे. पहिला भाग कुठलंच सरकार नीट करत नाही. सोलापुरात बऱ्याच मुली आता विडीऐवजी शिलाईकडे वळल्यात, तो बदल त्यांच्या आयांनी घडवला आहे.

माकप आणि भाकप यात फरक काय?

१९६४ला कम्युनिस्ट पक्ष फुटला. जुना तो भाकप, चिन्ह विळा आणि कणीस. नवा तो माकप, चिन्ह विळा, हातोडा आणि तारा. आडम दुसऱ्यातले. त्यांची युनियन सिटूशी, म्हणजे माकपच्या बाजूच्या देशव्यापी कामगार संघटनेशी जोडलेली, सिटू १९७०ची.

पुण्यातून कधी कम्युनिस्ट आमदार झालाच नाही का?

झाला. १९५७ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कम्युनिस्ट पक्षाचे वि. द. चितळे पुण्यातून विधानसभेत गेले. त्याच समितीतून समाजवादी एस. एम. जोशी आणि हिंदू महासभेचे जयंतराव टिळकही पुण्यातूनच निवडून आले. कम्युनिस्ट, समाजवादी आणि हिंदुत्ववादी एका मांडवाखाली, आणि पुणेकरांनी तिघांनाही मतं दिली! आजच्या आघाड्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

राज्यात असे आणखी कोण आमदार झाले?

नावं पुष्कळ आहेत, तीन सांगतो. लालबाग-परळचे भाकपचे कृष्णा देसाई, आमदार असतानाच ५ जून १९७०ला त्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या, त्यांना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. मुंबईच्या गिरणगावाचं राजकारण त्या वर्षी कूस बदलून गेलं. सुरगाणा-कळवण भागातले आदिवासी नेते जे. पी. गावित माकपकडून अनेकदा निवडून आले. मार्च २०१८च्या नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चाच्या पुढाऱ्यांमध्ये ते होते. आणि सध्याचे एकमेव, डहाणूचे विनोद निकोले, २०१९ आणि २०२४ असे दोनदा.

यातला प्रत्येक जण एखाद्या घट्ट वस्तीतून आलेला आहे: गिरणगाव, आदिवासी पट्टा, विडी-यंत्रमाग वस्ती. वस्ती विरली की जागा गेली.

माकपचे आमदार आपला पगार पक्षाला देतात हे खरं का?

पक्षाच्या घटनेप्रमाणे लोकप्रतिनिधीचा पगार आणि भत्ते हा पक्षाचा पैसा समजला जातो. त्यातून पक्ष त्याला खर्चाला देतो. बाकी सभासदही उत्पन्नाप्रमाणे लेव्ही, म्हणजे पक्षाची वर्गणी भरतात.

एमपीएससीला हे विचारतील का?

आडमांवर प्रश्न येण्याची शक्यता कमी. सोलापूरचा मार्शल लॉ, वारल्यांचा उठाव, पुलोद आणि प्रधानमंत्री आवास योजना या चार गोष्टी मात्र अभ्यासक्रमातल्याच आहेत. नोट्स काढायच्या तर त्या काढा.

याबद्दल पुण्यात कुठे वाचायला मिळेल?

विधानसभेच्या कार्यवाहीचे जुने खंड आणि जुनी वर्तमानपत्रं यांच्यासाठी विश्रामबागवाड्यातलं शासकीय ग्रंथालय, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेचं ग्रंथालय इथे चौकशी करा. कार्यवाहीत सभासदाच्या नावाची सूची असते, त्यात आडम काढा आणि १९९५नंतरचे प्रश्न वाचा. भाषणांपेक्षा प्रश्न वाचावेत, कारण मंत्र्याने दिलेलं उत्तर तिथे बाजूलाच छापलेलं असतं. पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा आलेला दिसला तर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघा.